तेरा वर्षांची पोर आणि पासष्ट वर्षांनी आलेला नंबर

निंबोणी
परवा 'उंटावरचा' यांनी ठोकून दिलं : "अमेरिकन गायिका ब्रेंडा लीचं 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' हे नाताळचं गाणं 'होम अलोन' सिनेमाच्या जिवावर जगलं. २०२३ला स्ट्रीमिंगमुळे ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरावर आलं, त्यात गायिकेचं कर्तृत्व शून्य." तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

शून्य? १९५८ साली नॅशव्हिलमध्ये हे रेकॉर्ड झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. साथीला हँक गार्लंडची गिटार, बूट्स रँडॉल्फचा सॅक्सोफोन. असल्या मुरलेल्या वादकांच्या मध्ये ही पोर उभी, आणि आवाजात ती खर! कुठेही बिचकलेली नाही. 'होम अलोन' आला १९९०ला. हे गाणं १९६०लाच चौदाव्या नंबरावर जाऊन आलं होतं. त्या सिनेमातला कार्टा तेव्हा जन्मायचा होता.

उंटावरचा
१९६० सांगितलंत, ५८ आणि ५९ सोयीस्कर गाळलंत. त्या दोन नाताळांत याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. १९६०ला तिचं 'आय ॲम सॉरी' पहिल्या नंबरावर गेलं, तेव्हा कुठे लोकांना हे सापडलं. आणि गाण्यात आहे काय? झाडाभोवती नाचा आणि भोपळ्याचा 'पाय' (pie) खा.

वसईचा बाबू
त्या पायावर हसू नका, आमच्याकडे नाताळात तुम्हीच फराळाचं ताट पुसून खाता. आमचे पप्पा मध्यरात्रीच्या मिस्साहून आले की हीच कॅसेट लावायचे. अर्थ कुणाला कळत होता? आजी पण मान डोलवायची. आणि लिहिणारा जॉनी मार्क्स ज्यू होता, नाताळचं 'रुडॉल्फ' गाणं पण त्याचंच. घ्या.

तात्या सदाशिव
सगळे आवाजात अडकलेत. तिचे वडील १९५३ साली बांधकामावरच्या अपघातात गेले. दहाव्या वर्षी घर तिच्या कमाईवर चालत होतं. याला कौतुक म्हणायचं की बालमजुरी? आज टीव्हीवर सहा वर्षांच्या पोरीला लावणी करायला लावतात आणि आई खाली बसून डोळे पुसते. मला त्या आयांना एकदा विचारायचंय...

निंबोणी
आया कुठून आल्या यात? आणि तुमच्या हिशोबाने लतादीदींचं काय? १९४२ला मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्यांनी तरी तेरा कुठे पूर्ण केली होती?

तात्या सदाशिव
दीदींना मध्ये ओढू नका. तिथे घरात गाण्याची तालीम होती.

निंबोणी
म्हणजे तालीम असली की मजुरी नाही? वा तात्या.

सूरपेटी
मी सहसा लिहीत नाही, पण आता राहवत नाही. मी अकराव्या वर्षी गणपतीत ऑर्केस्ट्रात गायचे. बाबांची गिरणी बंद पडलेली. एका कार्यक्रमाचे शंभर रुपये. दादाची फी त्यातून गेली. मला कुणी 'बिचारी' म्हटलं की आजही डोकं फिरतं. स्टेजवर चढले की मी राणी असायचे. एकदा घसा पार बसला होता, तर आयोजक म्हणाले, "दोनच गाणी म्हण, पण म्हण." म्हटली. दहावीनंतर गाणं सुटलं. आता घरी कुणी आग्रह केला तरी तोंड उघडत नाही. तात्या म्हणतात ते खोटं नाही. पण ते त्यांनी म्हणू नये.

तात्या सदाशिव
मग कोणी म्हणावं?

सूरपेटी
मी.

वसईचा बाबू
तात्या, बसा आता.

उंटावरचा
माझा मुद्दा कुणाला आठवतोय का? मुद्दा स्ट्रीमिंगचा होता. मराया कॅरीचं १९९४चं नाताळगाणंही २०१९ला पहिलं आलं. डिसेंबर आला की मोबाइल आपोआप तीच पाच-सहा गाणी वाजवतो आणि त्याचा नंबर होतो. ७८व्या वर्षी ब्रेंडाबाईंचा तसाच झाला.

निंबोणी
तीच पाच-सहा का, हा प्रश्न नाही पडत? त्या काळात नाताळाची गाणी काय कमी निघाली? आणि १९५९ला पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरवाल्यांना इतकी लहान मुलगी नको होती, तेव्हा तिच्या मॅनेजरने 'ही बत्तीस वर्षांची बुटकी बाई आहे' अशी आवई उठवली. तिचा आवाज ऐकून लोकांना ती पटण्यासारखी होती. आता म्हणा शून्य.

उंटावरचा
मॅनेजरचं कर्तृत्व मान्य.

...बरं, आत्ता पुन्हा ऐकलं. दोनदा. सॅक्सोफोन चांगला आहे. बाईंचं पुढच्या नाताळात बघू.