गच्चीवरची तोफ

*सौ. कुलकर्णी (बी-५०२):* गच्चीवर परत ती पाईपची तोफ ठेवलेली दिसली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कार्बाइड गनने (कार्बाइड आणि पाण्याचा गॅस पेटवून उडवायची पाईपची तोफ) मुलांच्या डोळ्यांना कशी इजा झाली ते सगळ्यांनी वाचलंय. कुणाची आहे ते कृपया सांगावे 🙏

*सारंग (ए-३०२):* काकू, आमचीच. पण त्यात कार्बाइड नाही, जाळ नाही. सायकलच्या पंपाने हवा भरायची, बॉल व्हॉल्व उघडला की कागदी रॉकेट उडतं.

*शिंदे (सी-१०४):* गच्चीची चावी कुणाकडे आहे?

*कर्वे काका (बी-२०१):* जाळ नाही हे ठीक. पण टाकी कशाची केलीस? सकाळी बघितली, दोन इंची पीव्हीसी आणि दोन्हीकडे एंड कॅप. हे चालणार नाही.

*सारंग:* काका, पाईप १० किलोचा आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाब सोसणारा. आम्ही २ च बार भरतो, म्हणजे साधारण २ किलो.

*कर्वे काका:* ते १० किलो पाण्यासाठी, तेही २७ अंशाला. उन्हात पडलेल्या पाईपला दुपारी हात लावून बघ, तापला की ताकद कमी होते. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे पाईप तडकला तर चार थेंब उडतात आणि दाब खलास. हवा दबून बसलेली असते. तडा गेला की ती पसरत सुटते आणि पीव्हीसीचे काचेसारखे तुकडे सोबत घेऊन जाते.

*नेहा (सी-३०३):* कावळ्यांना कळवलंय का 😂

*शिंदे (सी-१०४):* चावी कुणाकडे आहे ते सांगा.

*प्रधान (ए-१०१):* मुळात दोन इंची पाईप आला कुठून? ड्रेनेजच्या कामात उरलेला तर नव्हे? बिलात एकही तुकडा उरल्याचं दिसत नाही.

*खजिनदार:* हिशोब एजीएममध्ये दिला आहे. आपण हजर नव्हता.

*सारंग:* पाईप विकत आणलाय, पावती आहे. काका, मग टाकी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची) करू?

*कर्वे काका:* टाकीच नको. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घे, तिच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढव, दोन्ही टोकांना टेप. ट्यूबचं दुसरं टोक अर्धा इंची पाईपवर, पुढे एल्बो (काटकोनी जोड) लावून वरची नळी उभी. बाटलीवर पाय मारला की रॉकेट सुटतं. आधी हवा कोंडून ठेवायचीच नाही, त्यामुळे फुटायला काही उरत नाही. नासाच्या मुलांसाठीच्या पुस्तिकेत पण दोन लिटरच्या बाटलीचाच लाँचर आहे.

*सारंग:* पण बाटली चेपून बसते ना.

*कर्वे काका:* नळीच्या तोंडावर सैल मूठ धर आणि मुठीतून फुंक, परत फुगते. तोंड नळीला लावायचं नाही, दहा मुलं वापरतात. आणि फुंकताना बाटलीजवळ कोणी उभं नको, नेमकं तेव्हाच कोणीतरी पाय मारतं.

*प्रधान (ए-१०१):* पावती ग्रुपवर टाकावी.

*नेहा (सी-३०३):* आमचं रॉकेट नेहमी फूटभर उडून आडवं होतं 🙈

*कर्वे काका:* कागद त्याच पाईपवर गुंडाळायचा, पण आधी पाईपवर एक साधा कागद लपेटून. तेवढी फट हवीच. घट्ट झालं तर अडकतं, फार सैल झालं तर हवा बाजूने निसटते. तीन-चार पंख, अगदी शेपटाशी. टोक टेपने पूर्ण बंद, बहुतेक वेळा तिथूनच हवा फुसकन् जाते. आडवं होत असेल तर टोकाच्या आत कापसाचा बोळा घट्ट बसव, वजन पुढे यायला हवं. खिळा, खडू, गोटी काही घालायचं नाही.

*सौ. कुलकर्णी (बी-५०२):* आणि आमच्या वाळवणावर पडलं तर?

*सारंग:* काकू, गच्चीवर नाही, मागच्या मैदानात उडवतो. आजच टाकी सोडवतो. कोणाकडे रिकाम्या बाटल्या आहेत का? पाण्याच्या नकोत, फार पातळ असतात, कोल्ड्रिंकच्याच.

*शिंदे (सी-१०४):* म्हणजे गच्ची बंद ठेवणार का? चावी?

*सौ. कुलकर्णी (बी-५०२):* माझ्याकडे दोन आहेत. झाकणं नाहीत.

*सारंग:* झाकणं नकोतच काकू, संध्याकाळी घेऊन जातो.