आयातीचा निर्णय आणि फवारणी करणारा माणूस

घातक कीटकनाशकांच्या आयातीचा निर्णय केवळ तज्ज्ञ समितीवर सोपवावा, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी समिती औषधाची परिणामकारकता आणि सुरक्षितता तपासते व ते काम तज्ज्ञांचेच आहे. परंतु ते औषध प्रत्यक्षात कसे वापरले जाते, हे तासगावच्या द्राक्षबागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने पहाटेपासून ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्र चालू असते, ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या तोंडाला साधा रुमाल असतो आणि डब्यावरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो, हे त्याला कोणी समजावलेले नसते.

घातक रसायनांच्या व्यापारात आयातदार देशाची पूर्वसंमती घेण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम कराराच्या सहाव्या अनुच्छेदानुसार विकसनशील देशाला, आपल्याकडील वापराच्या परिस्थितीत विषबाधा घडवणारे अतिघातक कीटकनाशक अशा पूर्वसंमतीच्या यादीत घेण्याचा प्रस्ताव पाठवता येतो. भारत या कराराचा सदस्य आहे. मात्र असा प्रस्ताव विषबाधेच्या नोंदींवरच उभा राहतो आणि त्या नोंदी ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर व फवारणी करणारा मजूर यांच्याशिवाय येणार कोठून?

2020 मध्ये 27 कीटकनाशकांवरील बंदीच्या मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या. केंद्राचे राजपत्र हिंदी व इंग्रजीत निघते, त्यामुळे कंपन्या मुदतीत उत्तर देऊ शकतात, मजूर नाही. असे मसुदे कृषी विभागाने मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवावेत. पर्यायी औषधाशिवाय बंदी परवडत नाही, ही बागायतदारांची अडचणही तिथेच नोंदवली जावी.