शेंगतेलाचा खवटपणा पकडायचाय, पण सेन्सर पावसाळी हवाच पकडतोय

घाण्यावरचा:
बार्शीजवळ आमचा लाकडी घाणा आहे. तेल खवट व्हायला लागलंय हे अण्णांना डब्याचं झाकण उघडताच कळायचं. गेल्या वर्षभरात त्यांच्या नाकाला ते कळेनासं झालंय, म्हणून एमएस्सीच्या प्रकल्पाला मी हेक्झानल (तेल खवटताना सुटणारा वासाचा रेणू) हुंगणारा सेन्सर घेतला. १० मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक, त्यावर रेणूचा ठसा घेतलेल्या पॉलिमरचा पातळ थर. हेक्झानल, त्याला धरणारं मेथॅक्रिलिक आम्ल आणि पॉलिमरचं जाळं बांधणारं ईजीडीएमए १:४:२० प्रमाणात, अभिक्रिया सुरू करायला एआयबीएन घालून ६० अंशांवर. नंतर मेथॅनॉल आणि ॲसिटिक आम्लाने धुऊन हेक्झानल काढलं, म्हणजे त्याच्या आकाराचे खळगे उरतात.

खवट तेलावरची हवा सोडली की वारंवारता ८५ हर्ट्झने उतरते, ताज्या तेलावरची सोडली की ७० ने. परवा झड लागली होती तेव्हा नुसती खोलीतली हवा सोडली, तर ११०! हेक्झानलशिवाय बनवलेला थरही जवळपास तेवढाच उतरतो. थर जाड करू का?

वासाची वही:
जाड करू नकोस, पाणीच जास्त शोषलं जाईल. स्फटिक फक्त वजन मोजतो, वजन बसलं की वारंवारता उतरते. तुझ्या स्फटिकावर १ हर्ट्झ म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ४.४ नॅनोग्रॅम. ते हेक्झानल की पाणी, हे थरानेच ओळखायचं.

हेक्झानलकडे धरायला एकच कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी), तीही पकड सैल. तू एका रेणूमागे चार आम्लं घातलीस. त्यातली बरीचशी ठशाबाहेर मोकळी राहिली, आणि तिथेच पाणी बसतंय. आम्ल निम्म्यावर आण, ईजीडीएमएच्या जागी पाण्याला दूर ठेवणारं डायव्हिनाइलबेंझीन घेऊन बघ. मी लिमोनीनवर, म्हणजे संत्र्याच्या सालीतल्या वासाच्या टर्पीनवर, काम केलंय. त्याला तर धरायला काहीच नाही, सगळी भिस्त आकारावर. व्हिएन्ना विद्यापीठात फ्रान्झ डिकर्ट यांच्या गटाने टर्पीनांसाठी स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीनचेच थर स्फटिकांवर चढवले होते. पाण्याला न जुमानणारा थर तुलाही हवाय.

हवा कोरडी कर, पण तेलाच्या बाटलीत शिरण्याआधी. सिलिका जेल बाटलीनंतर लावलंस तर ते हेक्झानलही गिळेल. आणि बिनठशाचा स्फटिक नेहमी शेजारी ठेव. दोघांमधला फरक हाच तुझा खरा आकडा.

एक विचारते, हेक्झानलची बाटली किती जुनी आहे? हवा लागली की त्याचं हेक्झानॉइक आम्ल होतं. मग तू ठसा कुणाचा घेतलास? ताज्या हेक्झानलला कापलेल्या गवताचा वास येतो, त्या आम्लाला शेळीचा. हातानेच वारा घालून बघ, नाक बाटलीत घालू नकोस.

डब्यातलं तेल:
मी तेलाच्या तपासणीत आहे. कच्च्या शेंगदाण्यातही थोडं हेक्झानल असतंच, त्यामुळे ताज्या तेलाचा आकडा शून्य येणार नाही. पडताळायला नुसतं पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाच्या पहिल्या टप्प्याचं माप) घेऊ नका. तेल फार खवटलं की पेरॉक्साइडं फुटून आल्डिहाइडं (हेक्झानल त्यातलंच) होतात आणि ते मूल्य उलट खाली येतं. सोबत ॲनिसिडीन मूल्य काढा, ते आल्डिहाइडं मोजतं. शिवाय शेंगतेलात ओलेइक आम्ल भरपूर, त्यापासून नोनानल हे दुसरं आल्डिहाइड निघतं. त्याचा वेगळा ठसा दुसऱ्या स्फटिकावर घेतलात तर जास्त खात्री वाटेल.

वासाची वही:
नोनानलचं अगदी बरोबर. तुझ्या ठशात पेंटानल, हेप्टानल ही जवळची आल्डिहाइडंही थोडी शिरतीलच. खवटपणासाठी ते चालेल, सगळी एकत्रच वाढतात. पण तेवढ्याच लांबीचे हेक्झानॉल आणि हेक्झेन थरावर सोडून बघितल्याशिवाय थर निवडक आहे म्हणू नकोस.

घाण्यावरचा:
ताई, बाटली दोन वर्षांपूर्वी कुणीतरी उघडलेली निघाली. वास शेळीचाच. नवी मागवली, यावेळी नायट्रोजनखाली ठेवेन. हवा आता बाटलीआधी कोरडी करतोय. त्याच जुन्या थरावर नुसत्या हवेचे ११० चे ९ वर आले. डायव्हिनाइलबेंझीनचा थर पुढच्या आठवड्यात. ॲनिसिडीनसाठी अण्णांनी गेल्या दिवाळीपासूनच्या डब्यांतून सहा नमुने काढून, प्रत्येकावर तारीख लिहून दिलेत.