शब्दचर्चा : 'डंजन क्रॉल'ला मराठीत काय म्हणावं?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत खेळायच्या भूमिका-खेळांबद्दल मराठीत लिहायला घेतलं की 'डंजन क्रॉल' पहिल्या दोन-चार ओळींतच येतो. आजवर मी तो तसाच देवनागरीत लिहीत आलो. आता या साहसांच्या नव्या तऱ्हांवर सविस्तर लिहायचं आहे आणि त्याच्या जोडीला हेक्सक्रॉल, पॉइंटक्रॉल, डेप्थक्रॉल, फनेल, मेगाडंजन अशी शब्दांची रांगच उभी आहे. सगळे तसेच ठेवले तर ज्यानं हा खेळ कधी पाहिलेला नाही त्या वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण संचालक असतो. एका अनोळखी जागेचा नकाशा आणि कुठल्या दालनात काय आहे याची टिपणं त्याच्याकडे असतात. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या जागेत शिरतात. 'आम्ही डावीकडचं दार हळूच ढकलून पाहतो' असं कुणी म्हणतं, मग दारापलीकडे काय दिसतं ते संचालक सांगतो. सापळे, राक्षस, दडवलेला खजिना आणि जिवंत बाहेर पडण्याची चिंता, असा सगळा मामला. हाच डंजन क्रॉल: 'डंजन' म्हणजे ती जागा, बहुधा जमिनीखालची, आणि 'क्रॉल' म्हणजे शब्दशः रांगत पुढं जाणं.

माझी अडचण अशी आहे की या नव्या साहसांपैकी कितीतरी जमिनीखाली घडतच नाहीत. बाग असते, कोसळलेलं अंतराळयान असतं, ओसाड कारखाना असतो. तरी खेळणारे त्यांनाही बिनदिक्कत डंजन क्रॉल म्हणतात. मग या जोडशब्दाचा जीव नेमका कुठल्या अर्ध्यात आहे? 'डंजन'मध्ये की 'क्रॉल'मध्ये?

प्रतिसाद १

कोशात 'डंजन'समोर 'अंधारकोठडी' मिळेल. तो शब्द या खेळासाठी वापरू नये. अंधारकोठडीत माणसाला डांबतात. खेळातल्या डंजनात माणसं आपल्या पायांनी जातात, तीही मशाली आणि दोरखंड घेऊन. शिवाय कोठडी एकच असते, इथे दालनांमागून दालनं. 'तळघर' फारच घरगुती आहे.

माझं मत 'भुयार'ला. हा शब्द 'भूमिगृह'वरून आला. गुजरातीतला 'भोंयरुं' त्याच कुळातला आणि त्याचा अर्थ आजही तळघर असाच आहे. म्हणजे भुयार हे मुळात जमिनीखालचं घर, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. 'भुयारशोध' म्हणा, काम झालं.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती पटली, पण आज 'भुयार' म्हटलं की वाचकाला इकडून शिरून तिकडे निघणारी एक अरुंद वाट दिसते. चांगलं डंजन याच्या अगदी उलट असतं, म्हणून ही हरकत मला मोठी वाटते. रचनाकार जेनेल जॅक्वेज यांचं १९७९ सालचं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' हे छापील साहस घ्या. आत शिरायला अनेक तोंडं, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला अनेक मार्ग, फिरून पुन्हा त्याच दालनात दुसऱ्या दारानं आणणारे वळसे. खेळाडूंना खरी निवड मिळते ती या मांडणीमुळे. पुढच्या रचनाकारांनी या पद्धतीला त्यांच्याच आडनावावरून क्रियापद बनवलं, इतका तिचा प्रभाव. अशा जागेला 'भुयार' म्हणणं म्हणजे तिचा मुख्य गुणच पुसून टाकणं.

आणि 'डंजन'चा प्रवास तरी कुठे सरळ आहे? जुन्या फ्रेंचमध्ये 'दाँजाँ' म्हणजे किल्ल्यातला मुख्य बुरूज, धन्याचं राहण्याचं ठिकाण. मागे जात गेलं की लॅटिनमधल्या 'धनी' या अर्थाच्या 'दोमिनुस'पर्यंत पोचतो. आपल्याकडे त्याला 'बालेकिल्ला' हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत गेल्यावर तो हळूहळू वरून खाली, बुरुजातून तळातल्या कैदखान्यात उतरला. खेळात आला तेव्हा पुन्हा किल्ल्यालाच चिकटून आला. डेव्ह आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर किल्ल्याखालची तळघरं आणि गॅरी गायगॅक्स यांच्या ग्रेहॉक किल्ल्याखालचे मजले, या दोन जागांतून १९७४ साली या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ छापील रूपात बाहेर पडला. इतकी स्थित्यंतरं पाहिलेल्या शब्दाला आता एकाच मराठी खोपटात बसवू नये. 'डंजन' तसाच राहू दे. शोध 'क्रॉल'चा करू.

प्रतिसाद ३

वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तेच: जीव 'क्रॉल'मध्ये आहे.

हा शब्द का चिकटला ते जुन्या नियमांत दिसतं. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची १९८१ सालची प्राथमिक पुस्तिका काढून पाहा. डंजनातला वेळ 'टर्न'मध्ये मोजतात आणि एक टर्न म्हणजे १० मिनिटं. ओझं नसलेलं पात्र एका टर्नमध्ये १२० फूट पुढं सरकतं. म्हणजे मिनिटाला १२ फूट! साधं चालणारा माणूस तेवढ्याच वेळात याच्या वीसपट अंतर सहज तोडेल. पण इथे कुणी नुसतं चालत नसतं. अंधारात पाऊल टाकायचं, भिंत ठोकून बघायची, कान द्यायचा, नकाशा काढायचा, यात ती १० मिनिटं जातात. आणि प्रत्येक टर्नची किंमत मोजावी लागते. मशाल ६ टर्न टिकते. दर दोन टर्नना संचालक सहा पैलूंचा फासा टाकतो आणि १ पडला की फिरता राक्षस समोर येतो. पाच टर्न काढले की सहावा विश्रांतीत घालवायचा. सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण, त्यामुळे मारामारी टाळून खजिना बाहेर काढणारा खेळाडू शहाणा ठरतो.

यातून 'क्रॉल'च्या दोन छटा निघतात. एक, संथपणा. दुसरी, एकामागून एक ठिकाण घेत जाणं, जशी 'पब क्रॉल'मध्ये असते. मराठी शब्दात दोन्ही यायला हव्यात.

'रांगणं' बाळाचं, 'सरपटणं' सापाचं, दोन्ही बाद. 'भटकंती'त मौज आहे, किंमत नाही. 'मोहीम' ठरलेल्या लक्ष्याकडे जाते आणि तिला फौजेचा वास आहे. इथे तर बहुतेकदा लक्ष्य काय तेच आत गेल्यावर कळतं. 'चाचपणी' फार जवळ येतो, अंधारही त्यात आहे. पण वर्तमानपत्रांनी तो उमेदवारांच्या आणि युतीच्या चाचपणीसाठी इतका वापरला आहे की त्यातला हात आणि भिंत दोन्ही गेले.

मी 'धुंडाळणी' सुचवतो. धुंडाळणं म्हणजे कोपरान्‌कोपरा पाहणं. एक जागा संपवून दुसरी घेणं त्यात आपोआप येतं, आणि घाईनं कुणी काही धुंडाळत नाही, त्यामुळे संथपणाही येतो. टेहळणी, मांडणी यांच्यासारखंच नाम तयार होतं. डंजन धुंडाळणी.

फ्रेंच खेळाडूंनी गंमत वेगळी केली आहे. ते या प्रकाराला 'पोर्त-मोन्स्त्र-त्रेझोर' म्हणतात, म्हणजे दार-राक्षस-खजिना. ठसकेबाज आहे, पण त्यात थोडी हेटाळणी मिसळलेली असते. शिवाय तो आत काय सापडतं ते सांगतो, आपण आत काय करतो ते सांगत नाही.

धागाकर्ता

'धुंडाळणी' आवडला. लगेच लेखातल्या उदाहरणांना लावून पाहिला.

'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स'. गायगॅक्स यांनी ते १९७६ साली स्पर्धेसाठी चालवलं आणि १९८० साली छापलं. तलवारी-जादूच्या जगातली पात्रं डोंगरात कोसळलेल्या अंतराळयानात शिरतात. हाती आलेलं यंत्र काय आहे हे पात्रांना कळत नाही, ते ओळखण्यासाठी वेगळे तक्ते दिले आहेत. इथे धुंडाळणी जागेची आहेच, वस्तूचीही आहे. शब्द दोन्हीकडे चपखल बसतो.

'ग्रेडियंट डिसेंट', २०२०, 'मदरशिप' या अंतराळ-भयाच्या खेळासाठी. यंत्रमानव बनवणारा ओसाड कारखाना, त्यावर एका कृत्रिम बुद्धीची सत्ता. आत जितकं राहाल तितकी 'आपण स्वतः तरी माणूस आहोत का' ही शंका पात्राला पोखरू लागते. जुन्या खेळात मशाल संपत येते, इथे खात्री संपत येते. मला ही सगळ्यात सुंदर नवी तऱ्हा वाटते, कारण तिनं सांगाडा जुनाच ठेवला आणि संपणारी गोष्ट बदलली. माझ्या लेखाचं सूत्रच हे आहे: जागा कुठलीही असो, प्रत्येक पावलाला काहीतरी खर्च होत असेल तर ती धुंडाळणी.

'गार्डन्स ऑफ इन', २०१८. हा डेप्थक्रॉल. नकाशा आधी तयार नसतोच. दुसऱ्या जगातल्या बागेत एकेक टप्पा आत जायचं. प्रत्येक वेळी वीस पैलूंचा फासा टाकून त्यात तोवर गाठलेली पातळी मिळवायची आणि तक्त्यातून पुढची जागा काढायची. आत जाल तशी बेरीज वाढते आणि बाग विचित्र होत जाते. याला मी 'खोली-धुंडाळणी' म्हणणार होतो, पण वाचक 'खोल्या शोधणं' असं वाचेल.

प्रतिसाद ४

त्यावर उपाय सोपा आहे. खेळातल्या 'रूम'ला कायम 'दालन' म्हणा आणि 'खोली' हा शब्द फक्त 'खोल'चं नाम म्हणून ठेवा. तरीही धोका वाटत असेल तर 'खोलवर धुंडाळणी'. ऐकायलाही बरं.

हेक्सक्रॉलला 'षटकोनी धुंडाळणी' मात्र नको, धुंडाळणीच षटकोनी आहे असं वाटतं. षटकोन हा नकाशाचा तपशील. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७४ च्या मूळ संचानं रानातल्या प्रवासासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या १९७२ च्या खेळाचा षटकोनांचा पट वापरायला सांगितला, तिथून तो आला. पात्रांना षटकोन दिसत नाहीत, रान दिसतं. म्हणून 'रानधुंडाळणी'. पॉइंटक्रॉलमध्ये ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एवढंच काढलेलं असतं, मधला प्रदेश गाळलेला. त्याला 'टप्पा-धुंडाळणी' चालेल.

प्रतिसाद ५

मला या सूत्रावर एक आक्षेप घ्यायचा आहे. खर्च हाच निकष मानला तर फनेल कुठे बसवणार? 'डंजन क्रॉल क्लासिक्स'च्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक खेळाडू तीन-चार अगदी साधी माणसं घेऊन आत जातो. कुणी शेतकरी, कुणी लोहार. बहुतेक मरतात, जो उरतो तो तुमचा नायक. इथे खर्च होतात ती माणसंच. तरी त्याची लय संथ नाही, भरधाव आहे. आणि जिथे खेळाडू डंजनातल्या राक्षसांच्या बाजूनं खेळतात, सापळे स्वतः लावतात, घुसखोरांची वाट पाहतात, तिथे तर धुंडाळणी समोरचे करतात. या दोन्हींना ओढूनताणून 'धुंडाळणी' म्हणू नये.

फनेलचा शब्दशः अर्थ नरसाळं, पण नरसाळ्यात वरून टाकलेलं सगळं खाली येतं. इथे गाळण होते. 'चाळणी' हा शब्द आपल्याकडे 'चाळणी परीक्षा'मुळे याच अर्थानं रुळलेला आहे. 'चाळणीचं साहस' म्हटलं तर कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

धागाकर्ता

चाळणी घेतला. राक्षसांच्या बाजूच्या खेळाबद्दलही तुमचं म्हणणं मान्य, तो 'डंजनरक्षण' या वेगळ्या मथळ्याखाली जाईल. फनेलच्या लयीबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. माणसं भराभर मरतात हे खरं, पण हाती दोनच उरली की तेच खेळाडू दारापाशी थांबून लांब काठीनं फरशी टोचू लागतात. तिथून पुढं तो धुंडाळणीसारखाच चालतो.

वेळेच्या खर्चाबद्दल एक भर घालतो. २०२३ च्या 'शॅडोडार्क'मध्ये मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. खेळाडू टेबलावर वाद घालत बसले तरी ती संपते. २०१३ च्या 'टॉर्चबेअरर'मध्ये उजेड, भूक आणि पाठीवरचं ओझं हाच खेळाचा कणा आहे. दोन्ही नवे, आणि दोन्ही त्या मिनिटाला १२ फुटांच्या जुन्या नियमाचेच वारस.

प्रतिसाद ६

शब्द ठरले, आता लिंग ठरवा. मी दोन ठिकाणी 'तो डंजन' आणि एका ठिकाणी 'ती डंजन' वाचलं आहे. माझ्या मते 'ते डंजन'. भुयार, तळघर, दालन, विवर, हे सगळे शेजारी नपुंसकलिंगी आहेत, आणि परका शब्द मराठीत बहुधा अर्थानं जवळच्या शब्दाचं लिंग घेतो. या धाग्यात वर 'चांगलं डंजन' असंच लिहिलं गेलं आहे, कुणीही न ठरवता. अनेकवचन 'डंजनं', प्रमाण लेखनात 'डंजने'. सामान्यरूपही होऊ द्या: डंजनात, डंजनाला, डंजनाखाली. 'डंजनमध्ये' लिहिलं की शब्द पाहुण्यासारखा उंबऱ्यावर थांबतो. मेगाडंजनाला, म्हणजे अनेक मजल्यांच्या अवाढव्य डंजनाला, 'महाडंजन' म्हणायला माझी हरकत नाही, पण मग 'महाडंजनातली धुंडाळणी' असं सोडवून लिहा. एकाच शब्दात तिन्ही कोंबू नका.