सल्ला हवा: एक्स्ट्रीम मेटल ऐकायला सुरुवात कुठून करू? (एकच अल्बम सुचवा)

ताशा_पुणे:
नमस्कार मंडळी. मी पथकात ताशा वाजवतो. मेटलमध्ये आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेयर इथवर आलोय. त्यापुढचं ग्राइंडकोर, डेथ मेटल (म्हणजे अतिवेगवान, अतिजड एक्स्ट्रीम मेटलचे प्रकार) लावलं की थोड्या वेळात सगळं एकसारखं वाटायला लागतं. तरी त्या ड्रमरच्या हातात काहीतरी विलक्षण आहे हे कळतं, म्हणून सोडवत नाही. यादी नको. एकच अल्बम सांगा आणि तो कसा घडला तेही सांगा. मागची गोष्ट माहीत असली की मला ऐकताना धरायला काहीतरी सापडतं.

खर्जातला_निषाद:
नेपाम डेथ हा ब्रिटिश ग्राइंडकोर बँड, अल्बम 'स्कम', १९८७. बिनधास्त इथूनच सुरू कर. तुझ्यासाठी खास कारण आहे: या अल्बमच्या तबकडीच्या दोन बाजूंवर दोन वेगळे बँड वाजतात आणि दोन्हीकडे असलेला एकमेव माणूस म्हणजे ड्रमर, मिक हॅरिस.

पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत रेकॉर्ड झाली. खर्च अवघा ५० पौंड. गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक, वय जेमतेम सतरा. बास आणि आवाज निक बुलनचा. ही मुलं क्रास, डिस्चार्ज या बँडांच्या राजकीय पंकवर वाढलेली, आणि दुसऱ्या कानाने सेल्टिक फ्रॉस्ट हा मेटल बँड ऐकणारी. अमेरिकेतल्या सीज आणि रिपल्शन या बँडांचा वेग हॅरिसला आणखी पुढे न्यायचा होता. नंतर ब्रॉडरिक गेला, बुलन गेला. ती टेप नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीच्या डिग्बी पिअरसनकडे आली. मे १९८७ मध्ये दुसरी बाजू झाली ती गायक ली डोरियन, गिटारवर बिल स्टीअर आणि बासवर जिम व्हाइटली यांना घेऊन. मुखपृष्ठाचं चित्र कारकस बँडच्या जेफ वॉकरचं.

म्हणून सलग ऐकू नकोस. पहिल्या बाजूची १२ गाणी ऐक आणि थांब. दुसरीची १६ दुसऱ्या दिवशी. पहिलीत गिटार जड आहे, मध्येच संथ होते, गाण्याला श्वास आहे. दुसरीत तो श्वास काढून टाकलाय आणि डोरियन खोल गुरगुर आणि किंचाळी यांच्यात उड्या मारतो. माझं मन पहिल्या बाजूवर आहे.

मोरजेकार:
'स्कम' थोरच, पण नवख्याला तो चिखल वाटू शकतो. माझं मत अमेरिकन डेथ मेटल बँड मॉर्बिड एंजलच्या 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस'ला, १९८९. कंपनी तीच, इअरेक, पण रेकॉर्डिंग फ्लोरिडात, टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत. ड्रमवर पीट सँडोव्हाल, आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. या बँडने १९८६ मध्ये एक आख्खा अल्बम रेकॉर्ड करून समाधान झालं नाही म्हणून बाजूला ठेवला होता. त्यातली बरीच गाणी इथे पुन्हा, नीट वाजवली. ताशावाल्याला स्वच्छ आवाज हवा असणार.

ताशा_पुणे:
दोघांचेही आभार. निषाददादा, पहिली बाजू ऐकली. शेवटचं गाणं सुरू झालं आणि संपलं, मला कळलंच नाही! ते मुद्दाम आहे का? आणि लोकांनी हे तेव्हा स्वीकारलं कसं?

खर्जातला_निषाद:
'यू सफर'. १.३१६ सेकंद, गिनेस बुकात सगळ्यांत छोटं गाणं म्हणून नोंद आहे. शब्द चार: तू सोसतोस, पण का, एवढंच विचारलंय. अनेक जण ते गंमत म्हणून दाखवतात. मला मात्र तो प्रश्न खरा वाटतो. याच बाजूचं पहिलं गाणं भुकेल्या देशांच्या जिवावर उठलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांबद्दल आहे. या मुलांना राग कशाचा आहे ते तिथेच कळतं.

स्वीकाराचं म्हणशील तर मोठं श्रेय बीबीसी रेडिओ वनचा निवेदक जॉन पील याचं. त्याने ही गाणी देशभर वाजवली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये बँडला स्टुडिओत बोलावून खास सत्र रेकॉर्ड केलं. त्याआधी यांचा श्रोता म्हणजे बर्मिंगहॅमच्या मर्मेड पबातली गर्दी. मेटलवाल्यांना हे पंक वाटायचं, पंकवाल्यांना मेटल. तरी स्वतंत्र कंपन्यांच्या ब्रिटिश यादीत अल्बम पहिल्या दहांत गेला.

आणि ड्रमबद्दल: ज्याला ब्लास्ट बीट म्हणतात त्यात स्नेअर (हाताने वाजवायचा छोटा ड्रम) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आलटूनपालटून इतके जलद पडतात की वेगळे ठोके न वाटता एक सलग पोत वाटतो. तुमच्या ताशाच्या तर्रीसारखंच. तर्रीतला प्रत्येक ठोका तू मोजत नाहीस, ती कुठे सुरू झाली आणि कुठे तुटली ते ऐकतोस. इथेही तेच कर. 'स्कम' हे शीर्षकगीत लाव आणि वेग बदलतो त्या जागा पकड.

मोरजेकारांचं म्हणणं रास्त आहे, 'ऑल्टर्स' स्वच्छ आहे. पण तो नंतर ऐक. आधी स्वच्छ ऐकलंस तर 'स्कम'चा खरखरीतपणा दोष वाटेल. तो ५० पौंडांत आणि घाईत तयार झालेला आवाज आहे, तो घासूनपुसून घेतला असता तर या गाण्यांतला राग उरला नसता.

मोरजेकार:
हा क्रम मलाही पटला. ताशा, पुढे जायचं असेल तर याच माणसांच्या मागे जा: ब्रॉडरिकचा गॉडफ्लेश, स्टीअरचा कारकस, डोरियनचा कथीड्रल. तिन्ही एकमेकांपासून पार वेगळे. आणि हा वेग प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर मुंबईच्या गटस्लिट या डेथ मेटल बँडचा कार्यक्रम लागला की चुकवू नकोस. कानात बोळे घालून जा, पुढे उभा राहा, आणि नजर ड्रमरवर ठेव.