सासूबाईंना एकदा बागेत घेऊन या
ताई, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सासूबाईंचा हात वर जात नाही आणि त्या कोणाशी बोलतही नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझं ६८व्या वर्षी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. फिजिओथेरपीत भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी रोज पेन्सिलीने खूण करायचे. ज्या दिवशी बोटं फळीवरच्या पोह्यांच्या डब्याला लागली, त्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडले. त्या बाजूची बांगडी घट्ट व्हायला लागली किंवा हात जड वाटला, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

बोलण्याचं म्हणाल तर घरच्यांपाशी सगळं बोलवत नाही हो. आम्ही चौघी संध्याकाळी कमला नेहरू पार्कात बसतो. एकीचे लेट्रोझोलने, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीने, सांधे धरलेत, सकाळी मूठ वळत नाही. तिच्या भाज्या आम्ही निवडून देतो. दुसरीने ब्लाउजात घालायची मऊ सुती गादी मला शिवून दिली. तपासणीला कोणीच एकटी जात नाही, फाइल धरायला एक जण बरोबर असतेच. सासूबाईंना आणा. नाही बोलल्या तरी चालेल, नुसत्या बसू देत आमच्यात.