मेलेल्या पोवळ्याच्या भोकातून सोंड काढणारा हा जीव कोणता?

दर्यावर्दी: नोकरीमुळे सध्या पोर्ट ब्लेअरला असतो. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात मेलेल्या पोवळ्याचा दगड दिसला, त्याला काडी जाईल एवढी भोकं. न हलता बसलो, तर एका भोकातून बारीक पांढरट सोंड निघाली आणि आजूबाजूचा गाळ चाचपू लागली. पाणी जरा हललं की सर्रकन आत. मग भोकाच्या तोंडाशी फक्त काळपट, कडक चकती उरते. सोंड चकतीच्या मधून नाही, कडेने तिरपी येते. कोण असेल?

चिंबोरी: नळीत राहणारा किडा असणार. आमच्याकडे मालवणला खडपात असतात.

खाजणवाली: नळीतल्या किड्यांचा बहुधा पिसांसारखा तुरा बाहेर येतो, इथे तो नाही. हा सिपुंकुला गटातला, म्हणजे पीनट वर्म. तिरपी सोंड आणि चकती यांवरून ॲस्पिडोसायफन वंशाचा वाटतो. चकती म्हणजे त्याच्या धडाचंच पुढचं टोक. सोंड आत घेतली की त्याच चकतीने दार बंद!

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि या प्राण्याची शरीररचना मला फार आवडते. अंगावर वलयं नाहीत, तरी जनुकांच्या अभ्यासातून याचं नातं गांडुळांच्या वलयी कुळाशीच जुळतं. धडाचे स्नायू आवळले की आतल्या द्रवाचा दाब वाढतो आणि सोंड बाहेर पडते. आत ओढायला वेगळे लांब स्नायू असतात. तोंड सोंडेच्या टोकाला. आतडं मात्र मागे जाऊन वळतं, दोरीच्या पिळासारखं स्वतःभोवतीच गुंडाळत पुढे येतं, आणि गुदद्वार पाठीवर, चकतीजवळ उघडतं. एकाच तोंडाच्या बिळात राहायचं तर मळ दाराशीच टाकलेला बरा, नाही का? रक्तवाहिन्या नाहीतच. प्राणवायू वाहतं ते हिमएरिथ्रिन नावाचं प्रथिन, लोहयुक्त पण हिमोग्लोबिनहून वेगळं. प्राणवायू मिळाला की जांभळट गुलाबी, नाहीतर रंगहीन.

नेमकी जात फोटोवरून ठरत नाही. सोंडेवरचे बारीक हूक आणि आतले स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

दर्यावर्दी: मग दगड उचलून आणू का? आणि पोवळ्याला हा त्रास देतो का?

खाजणवाली: अजिबात आणू नका! कठीण पोवळ्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. हे किडे बहुतेक मेलेल्या भागातच कोरतात. खडक पोकळ होऊन लाटांनी फुटतो हे खरं, पण त्या भोकांत इतर कितीतरी जीव आसरा घेतात.

चिंबोरी: हे वाचून शोधलं. याच वंशातला एक किडा रिकाम्या शंखात राहतो, शंखावर हेटेरोप्सॅमिया नावाचं छोटं पोवळं वाढतं. किडा वाळूतून सरकताना पोवळ्यालाही ओढत नेतो, त्यामुळे ते गाडलं जात नाही!

खाजणवाली: बरोबर. आणि पोवळं वाढून शंख झाकून टाकतं, तरी किड्याचं दार उघडंच राहतं. दर्यावर्दी, पुढच्या ओहोटीला सोंड बाहेर असताना व्हिडिओ काढा, जमल्यास चकतीचा जवळून फोटोही.